समोर येईल ते जनावर

दरवर्षी बारावीचे निकाल लागले, की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. "आमच्या मुलीला प्राण्यांची भारी आवड आहे. पशुवैद्यकीयला घालावं का?" नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझं उत्तर ठरलेलं असे. आवड आहे ना, मग खुशाल घाला, बाकीचं सगळं जमत जातं. हे मी मनापासून सांगत असे, कारण मी स्वतः निव्वळ आवडीच्या बळावर या वाटेला लागले होते. आज मी तसं सांगत नाही. प्राण्यांसोबत काम करण्यात आयुष्यभराचं समाधान आहे, यावर माझा पूर्वीइतकाच, किंबहुना जास्तच, विश्वास आहे. पण ते समाधान कशातून येतं, याबद्दलचं माझं मत पार बदललं आहे. आवडीमुळे माणूस या कामात येतो. टिकतो तो दुसऱ्याच कशामुळे तरी. ते दुसरं काय, हे माझं मलाच कळायला बराच काळ जावा लागला. ज्यांच्या घरी आज असा निर्णय व्हायचा आहे, त्यांच्यासाठी ते लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात वाढले. घरात गाय-म्हैस सोडाच, मांजरही नव्हतं. पुस्तकं मात्र होती. मारुती चितमपल्लींचं जंगल होतं, व्यंकटेश माडगूळकरांची रानातली भटकंती होती आणि विलास मनोहरांचं 'नेगल' होतं. हेमलकशाच्या प्राण्यांच्या अनाथालयातल्या बिबट्याची आणि त्याच्या सोबत्यांची ती हकिकत वाचून झाल्यावर मी ठरवूनच टाकलं, की आपण जंगलातली डॉक्टर व्हायचं. प्राणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे बिबट्या यायचा, अस्वल यायचं, हत्ती यायचा. गाय, म्हैस, शेळी ही माझ्या लेखी प्राण्यांत जमाच नव्हती. ती दूध देणारी, रस्त्यात आडवी येणारी, रोजच्या बघण्यातली जनावरं. त्यांच्यासाठी कोणी आयुष्य का वेचावं, असा प्रश्नही मला कधी पडला नाही.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पहिल्याच वर्षी शरीररचना शिकताना लक्षात आलं, की इथं सगळ्याचा आधार गाय-बैल हाच आहे. आधी त्यांची हाडं, त्यांचे स्नायू, त्यांच्या शिरा शिकायच्या आणि घोडा, कुत्रा, डुक्कर यांचं त्यांच्याहून वेगळं काय ते मग पाहायचं. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वन्यप्राण्यांच्या वाट्याला आलेला भाग अगदी थोडा होता. तेवढाच मी जीव लावून वाचला. बाकीचं पास होण्यापुरतं, असं म्हणणार नाही, पण मन तिथं नव्हतं हे खरं.

पदवी हातात आली तेव्हा जंगलातल्या जागा किती तुटपुंज्या आहेत ते कळलं. ज्या होत्या त्यांतल्या बऱ्याचशा कंत्राटी, वर्षा-वर्षाच्या. वर्गातले काही जण मुंबई-पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत गेले, काही औषध कंपन्यांत. मी लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि पशुधन विकास अधिकारी म्हणून माण तालुक्यातल्या एका गावी रुजू झाले. 'जंगलातलं काही मिळेपर्यंत' अशी मनाची समजूत घातली होती. घरच्यांनाही तेच सांगितलं होतं.

माणदेश हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस आला तर आला. त्यामुळे इथल्या घरांचा भरवसा शेतापेक्षा दावणीवर जास्त. मेंढरं, शेळ्या, एखादी खिल्लार बैलजोडी, आणि अलीकडे घरटी एक-दोन संकरित गायी, लोकांच्या भाषेत 'जर्शी'. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच खोड्याजवळ जनावरं उभी असायची. माजावर आलेली गाय कृत्रिम रेतनानं भरवायची, दोन महिन्यांपूर्वी भरवलेली गाभण आहे का बघायचं, कास सुजली, वार अडकली, पोट फुगलं, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं. रोज तेच आणि तसंच. पहिले काही महिने मी हे काम नेटानं केलं, पण ते माझं काम आहे असं मला वाटत नव्हतं.

बदलाची सुरुवात झाली ती हातापासून. मनात त्यातलं काही उतरायला पुढे बराच वेळ लागला. गाभण तपासणी ही या धंद्यातली अगदी रोजची गोष्ट. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, गुदमार्गातून हात आत घालायचा आणि आतड्याच्या पातळ भिंतीपलीकडचं गर्भाशय बोटांनी चाचपायचं. दिसत काहीच नाही. सुरुवातीला सगळंच ऊबदार, मऊ आणि संदिग्ध लागतं. मग हळूहळू बोटं शिकतात. आधी हाताला लागते ती गर्भाशयाची मान, कठीण, आडव्या वळ्यांची. तिथून पुढे गर्भाशयाची दोन शिंगं. रिकामी गाय असेल तर दोन्ही शिंगं साधारण सारखी लागतात. दीड-दोन महिन्यांचा गर्भ असेल तर एका शिंगाची भिंत पातळ झालेली असते, आत पाणी हिंदकळतं. ती भिंत चिमटीत धरून अलगद सोडली, की आधी आतला पडदा बोटांतून निसटतो आणि मागून भिंत. हा एवढासा फरक बोटांना स्वच्छ कळला, तो दिवस मला अजून आठवतो. मी मान वर करून "गाभण आहे" म्हटलं, आणि गाय धरून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

तो ताण कशाचा असतो हेही मग उमगत गेलं. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला, की एकवीस दिवसांची वैरण, पेंड, पाणी फुकट गेलं आणि पुढचं वेत तेवढं लांबलं. दुष्काळी गावात कडब्याचा भाव काय असतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी 'गाभण आहे' किंवा 'रिकामी आहे' या दोन शब्दांवर घरखर्चाचं गणित ठरतं. माझ्या बोटांच्या टोकाशी जे कळत होतं, त्यावर एका घराचं वर्ष अवलंबून होतं. ही जाणीव जंगलाच्या कुठल्याही स्वप्नाहून जड होती.

अशीच एक रात्र. शेजारच्या वाडीवरून एक मुलगा मोटारसायकलवर आला. आदल्या दिवशी व्यालेली गाय बसली ती उठेना. गोठ्यात बॅटरीच्या उजेडात बघितलं तर तिसऱ्या वेताची गाय मान पोटाकडे वळवून पडलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, नजर थिजलेली. हात लावला तरी दाद नाही. मुलाची आजी तिच्या डोक्याशी बसून होती. "उठंल का वो मॅडम?" एवढंच तिनं विचारलं.

हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गार पडतं. जास्त दूध देणाऱ्या गायीच्या रक्तातला कॅल्शियम विण्याच्या सुमारास एकाएकी चिकाकडे आणि दुधाकडे ओढला जातो, हाडांतला कॅल्शियम तितक्या वेगानं मोकळा होत नाही आणि स्नायूंची ताकदच जाते. कॅल्शियमची बाटली मी आजीकडून कोमट पाण्यात ठेवून घेतली, मानेची शीर धरली आणि सलाइन अगदी सावकाश सोडलं. एक हात बाटलीवर, एका हातानं नळी छातीवर धरून कान हृदयाच्या ठोक्यांकडे. कॅल्शियम घाईनं गेला तर हृदय बंद पडतं. अर्धी बाटली संपता संपता तिच्या खांद्याची कातडी थरथरली. मग ढेकर आली. मग तिनं शेण टाकलं. नाकपुडीवर घामाचे थेंब उमटले. बाटली संपल्यावर थोड्या वेळानं तिनं मागचे पाय रोवले, कमरेतून वर उचलली, क्षणभर डगमगली आणि पुढचे पाय सरळ करून उभी राहिली. आजीनं ना नमस्कार केला, ना आभार मानले. तिचा पुढचा प्रश्न कामाचा होता. "आता धार काढू का नगं?" मी सांगितलं, आज सगळी कास मोकळी करू नका, वासरापुरतंच काढा.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची आहे. ती गाय मला आज आठवत नाही. तिचा रंग, तिचं कपाळ, काहीच नाही. तिच्याबद्दल मला त्या रात्री माया दाटून आली होती असंही नाही. जे वाटलं ते मायेपेक्षा वेगळं होतं. काय झालं आहे ते मला कळलं, काय करायचं ते मला येत होतं आणि मी वेळेवर तिथं होते. मी न निवडलेलं, मला आवडत नव्हतं तेही नाही आणि आवडत होतं तेही नाही असं एक जनावर, आणि त्याच्यासाठी माझं पूर्ण असणं. मोटारसायकलवर मागे बसून परत येताना मनात जे शांत भरून आलं होतं, ते मी पुस्तकांतल्या जंगलात शोधत होते.

यानंतर मी गोठ्यात नीट बघायला शिकले, आणि तिथं आधी दिसल्या त्या बाया. दवाखान्यात जनावर घेऊन येतो तो बहुधा पुरुष. वैरण कधीपासून टाकते, रवंथ कधी थांबलं, शेण पातळ कधी झालं, असं विचारलं की तो अंदाजानं सांगतो. घरी गेलं आणि बाईला विचारलं, की सकाळ-संध्याकाळचा हिशेब मिळतो. चारा तीच टाकते, शेण तीच काढते, धार तीच काढते. कुठल्या सडातून आज दूध कमी आलं हे तिला डॉक्टरच्या आधी कळलेलं असतं. डेअरीचं दहा दिवसांचं बिल ज्या घरात पोराच्या वहीपासून सासऱ्याच्या औषधापर्यंत सगळ्याला पुरवायचं असतं, तिथं गायीची तब्येत हा घरातल्या बाईचा रोजचा अभ्यास असतो. तिच्याशी बोलल्याशिवाय निम्मी निदानं होत नाहीत, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर असायला हवं होतं.

मग २०२२ साल आलं. लम्पी हा गुरांच्या त्वचेचा आजार भारतात पहिल्यांदा २०१९मध्ये ओडिशात दिसला होता. २०२२च्या ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यात आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, ताप, पायांवर सूज, तोंडात फोड. माश्या, डास, गोचीड हे त्याचे वाहक. म्हशी बऱ्याच अंशी वाचल्या, गायी-बैल सापडले. खास या रोगाची लस तेव्हा हाताशी नव्हती. त्याच कुळातल्या विषाणूपासून बनवलेली शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचायची ठरलं आणि आम्ही वाडीवस्तीवर फिरू लागलो. जनावरांचे बाजार बंद झाले. त्या वर्षी बैलपोळा अनेक ठिकाणी घरच्या घरीच झाला.

लसीकरणात गोठ्यामागून गोठे उरकले, आणि उपचाराला थांबावं लागलं तिथं थांबले. गाठी फुटून झालेल्या जखमा धुवायच्या, माशी बसू नये म्हणून मलम लावायचं, उठता न येणाऱ्या जनावराची कूस दर काही तासांनी बदलायला लावायची, तोंडात गूळपाणी आणि पातळ पेज घालायची. एका घरी खिल्लार बैल पडला होता. मालक कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून रोज त्याचं अंग शेकत होता. मी औषध देत होते, तो सेवा करत होता. बैल वाचला नाही. त्यानंतर पंचनामा, फोटो, अर्ज. दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० अशी सरकारी मदत होती. मी कागदावर बैलाचं वय, रंग, शिंगांची ठेवण लिहीत होते आणि तो माणूस समोर उभा राहून एकेक खूण सांगत होता.

त्या दिवसांत माझ्या मनात प्राण्यांबद्दलचं प्रेम शिल्लक होतं का? खरं सांगायचं तर सांगता येत नाही. थकवा होता, वास होता, रात्री डोळे मिटले तरी गाठी दिसायच्या. प्रेमावर विसंबून राहिले असते तर मी त्या महिन्यांत नोकरी सोडली असती. मला दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवून नेलं ते कामानं. अमुक वस्तीवर लस राहिली आहे, अमुक गायीची जखम बघायची आहे, एवढ्या साध्या गोष्टींनी. आवड ही मनःस्थितीवर अवलंबून असते, जबाबदारी तशी नसते. माझं मत बदललं ते नेमकं इथं. समाधानाची मुळं आवडीत आहेत असं मी धरून चालले होते. ती कोणाच्या तरी कामी येण्यात आहेत, आणि आवड बहुतेक वेळा मागाहून, हळूहळू तयार होते.

त्याच सुमारास मी बुळकांडीबद्दल नव्यानं वाचलं. आजच्या शेतकऱ्यांना हे नाव सांगितलं तर म्हातारी माणसं सोडून कोणाला काही आठवत नाही. एकेकाळी हा रोग गावंच्या गावं जनावरांविना करून टाकत असे. त्याच्यासारख्या साथींवर संशोधन करण्यासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली आणि तिच्यातूनच आजची इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. शंभराहून अधिक वर्षांच्या खटाटोपानंतर भारत २००६मध्ये बुळकांडीमुक्त जाहीर झाला, आणि २०११मध्ये सगळं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पूर्णपणे नाहीसा झालेला हा दुसरा रोग. तो कोणी घालवला? मोठमोठे शास्त्रज्ञ होतेच. पण खांद्याला लसीची पेटी अडकवून गोठ्यागोठ्यांतून फिरलेले, ज्यांची नावं कुठंच नोंदलेली नाहीत असे हजारो लस टोचणारेही होते. लम्पीच्या काळात मी त्यांच्या रांगेत उभी आहे, असं मला वाटलं. जंगलातल्या डॉक्टरच्या स्वप्नात मी एकटी होते. इथं मी कोणाच्या तरी मागून आले होते.

जंगलाचं काय झालं, असं कोणी विचारेल. ते सुटलं नाही. ते मला गोठ्यातच भेटलं.

गिधाडांची गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्यानं नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून जास्त गेली. कारण निघालं डायक्लोफेनॅक. जनावरांची सूज आणि वेदना कमी करणारं हे औषध दिल्यावर जनावर मेलं, आणि गिधाडानं ते खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५मध्ये त्या कुप्याही ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरत्या केल्या गेल्या. २०२३मध्ये कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. म्हणजे लंगडणाऱ्या बैलाला कुठलं इंजेक्शन द्यायचं, हे ठरवताना मी दूर आकाशातल्या पक्ष्याचंही काहीतरी ठरवत असते. हे मला कळलं, तेव्हा गाय आणि जंगल अशी मी पाडलेली वाटणीच निरर्थक झाली.

माणच्या माळरानावर लांडगे आहेत. धनगराच्या वाड्यावर रात्री मेंढरं मारली गेली, की पंचनाम्यासाठी वनखात्याच्या माणसासोबत पशुवैद्यकालाही जावं लागतं. प्रश्न असा असतो, की मेंढरू लांडग्यानं मारलं का कुत्र्यांनी, आणि जिवंतपणी मारलं का मेल्यावर कुरतडलं. मानेवरची लोकर बाजूला सारून कातडी सोलून बघायची. जिवंत असताना दात लागले असतील तर कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं, मेल्यावर लागले असतील तर दिसत नाही. सुळ्यांमधलं अंतर मोजायचं, कुठला भाग खाल्ला आहे ते बघायचं, आसपासच्या खुणा बघायच्या. लांडगा ठरला तर भरपाई मिळते. हा कागद नीट आणि वेळेत झाला, तर धनगर लांडग्याला शिव्या घालून का होईना, पुढे चालू लागतो. रेंगाळला, तर उरलेल्या मेंढरावर विष टाकलं जाण्याची भीती असते. लांडग्याला वाचवण्याचं माझं काम मेलेल्या मेंढराच्या मानेशी बसून होतं. वन्यजीवांचं रक्षण असंही असतं, हे मला कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

आणि काही प्रश्न असे, की तिथं नुसत्या प्रेमाला उत्तरच सुचत नाही. संकरित गायीला गोऱ्हा झाला, की घरात नाराजी पसरते. शेतकामाला तो फारसा चालत नाही, दूध तो देणार नाही, आणि वैरण तर लागणारच. अशा गोऱ्ह्याच्या वाट्याला पुरेसं दूध येत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे. शहरातून आलेल्या मला सुरुवातीला मालकाचा राग यायचा. आता येत नाही. ज्याच्या घरात माणसांच्या ताटाचाच हिशेब चालला आहे, त्याला दयेवर भाषण देऊन गोऱ्ह्याचं पोट भरत नाही. त्याचं उत्तर मला मिळालं ते लिंगनिर्धारित रेतमात्रेत, म्हणजे बहुतेक कालवडीच व्हाव्यात अशा निवडलेल्या वीर्याच्या कांडीत. या कांडीनं भरवलं तर होणाऱ्या दहा वासरांतल्या साधारण नऊ कालवडी असतात. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या त्या बारीक कांड्या कंटेनरमधून घेऊन मी वाडीवर जाते, तेव्हा उद्या उपाशी राहिला असता असा एखादा जीव जन्मालाच येणार नाही, याचं मला समाधान असतं. हे समाधान कोरडं वाटेल. मला ते खरं वाटतं.

मध्यंतरी वन्यप्राण्यांच्या एका उपचार केंद्रात जागा निघाली आणि मला विचारणा झाली. विद्यार्थिदशेत ज्यासाठी मी काहीही सोडलं असतं, तेच काम. मी नाही म्हटलं. यात कायम नोकरीचा विचार होता, घरच्या जबाबदाऱ्यांचा होता, तो मी लपवत नाही. पण तेवढंच असतं तर मनात हळहळ राहिली असती, आणि ती राहिलेली नाही. इथं बोटांत जे आलं आहे, इथल्या वाड्यांवर जो विश्वास जमला आहे, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. बिबट्यावर उपचार करणारे माझे सहकारी मोलाचं काम करतात. त्यांच्याशी बोलताना उमगतं, की तेही त्याच निष्कर्षाला पोचले आहेत. पिंजऱ्यातला जखमी बिबट्या त्यांनी निवडलेला नसतो, आणि तो त्यांच्यावर प्रेम करणार नसतो. पुण्यातली माझी एक मैत्रीण घरोघरची कुत्री-मांजरं बघते. मूत्रपिंड निकामी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मालकांना 'आता थांबू या' असं सांगणं हा तिच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तिथं कुत्र्यांवरच्या प्रेमापेक्षा माणसाशी खरं बोलण्याचं धैर्य लागतं, असं ती म्हणते.

म्हणून आता फोन येतो तेव्हा कुठला प्राणी आवडतो, हे मी मुलांना विचारत नाही. न आवडणाऱ्या जनावराशीही तितक्याच निगुतीनं वागता येईल का, हे विचारते. हातानं शिकायची तयारी आहे का, शेणात, रक्तात, उन्हात? ज्याचं जनावर आपल्या हातून वाचलं नाही, त्याच्यासमोर उभं राहून काय झालं ते सरळ सांगता येईल का? 'नीट'च्या गुणांवर प्रवेश मिळेल, पण या प्रश्नांची उत्तरं गुणपत्रिकेत नसतात. प्रवेश घेण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बसा. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात एखाद्या गावी सोबत फिरा. अडलेली गाय मोकळी करताना बघा. शक्य झालं तर एक जनावर मरतानाही बघा. नंतर निर्णय घ्या.

पालकांनाही एक सांगते. 'ढोरांचा डॉक्टर' म्हणून अजूनही नाक मुरडणारे आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. २०१९च्या पशुगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्यातल्या प्रत्येक जनावरामागे कोणाचं तरी घर आहे. इतक्या जणांच्या उपयोगी पडण्याची संधी फार थोड्या व्यवसायांत मिळते. तुमच्या मुलीला वाघाचं वेड असेल तर ते असू द्या, ते मोडू नका. ते वेड घेऊनच मीही इथवर आले आणि त्याचं ऋण मी मानते. पण वाघ भेटेपर्यंत वाट बघायला तिला सांगू नका. समोर जे जनावर येईल त्याच्यावर तिचा हात बसू द्या. हे काम आयुष्यभर पुरेल की नाही, ते तिला तिथंच कळेल.